तीन मजल्यांवरचं स्वागत

फ्रिजमिस्त्रीची बायको रविवारी संध्याकाळी घरी येणार होती, आणि या वेळी तिला ओट्याशी उभं राहून बिस्किटं खावी लागणार नाहीत, असं मिस्त्रीने मनाशी पक्कं ठरवलं होतं.

बायको मालवाहू जहाजावर इंजिनीयर होती. एकदा गेली की महिनोन् महिने पाण्यावर. गेल्या खेपेला ती घरी पोचली तेव्हा मिस्त्री एका आइस्क्रीमच्या दुकानात भल्यामोठ्या फ्रीझरच्या पोटाखाली आडवा पडलेला होता. खिशात फोन वाजत होता, पण एक हात कॉम्प्रेसरमागे अडकलेला आणि दुसऱ्या हाताने तो बोल्ट धरलेला. सुटून घरी येईपर्यंत बायको बिस्किटांचा पुडा संपवून बुटांसकट झोपली होती. उठल्यावर तिने तक्रार केली नाही. उलट हसून म्हणाली, "असू दे रे. जहाजावर तरी मी कुठे बसून जेवते? फक्त घरी आल्यासारखं वाटलं नाही, एवढंच."

ते 'एवढंच' मिस्त्रीच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं. त्यात या वेळी आणखी एक गोष्ट होती. कंपनी तिला थोडक्या सुट्टीनंतर पुन्हा बोलवत होती. तिने मागितली तर सुट्टी वाढूनही मिळणार होती. "घरी आले की ठरवते," असं ती फोनवर म्हणाली होती. मिस्त्रीने त्यावर "हो, हो, तुझं तू बघ," असं मोठ्या मोकळ्या मनाने सांगितलं, आणि तेव्हापासून ते 'घरी आले की ठरवते' त्याच्या डोक्यात जुन्या फ्रिजच्या घरघरीसारखं अखंड चालू होतं.

अडचण अशी, की उन्हाळा ऐन भरात होता. उन्हाळ्यात फ्रिजमिस्त्रीला स्वतःचा वेळ म्हणून नसतोच. कोणाचा फ्रिज कधी मान टाकेल याचा नेम नाही. तेव्हा आयत्या वेळी स्वयंपाक करण्यात अर्थ नव्हता. सगळं आधी करून, डब्यांत भरून, गोठवून ठेवायचं आणि ती आली की फक्त गरम करायचं. गोठवणं हा तर त्याचा धंदाच होता. राहता राहिला स्वयंपाक.

काय करायचं हे मात्र त्याला शोधावं लागलं नाही. जहाजावरचा स्वयंपाकी सगळ्या पदार्थांवर एकच तपकिरी रस ओततो, ही बायकोची जुनी कुरकुर होती. फोनवर बोलता बोलता ती मधेच थांबायची आणि म्हणायची, "आत्ता काहीतरी पातळ, गरम, वाटी दोन्ही हातांत धरून पिण्यासारखं मिळालं ना..." कधी म्हणायची, "बटाटे रे. वरून खरपूस आणि आतून लोण्यासारखे." आणि एकदा तर नुसताच उसासा टाकून म्हणाली होती, "कोंबडीला कोंबडीची चव असते, हे मी विसरत चाललेय."

म्हणून सूप, चीज घालून भाजलेले बटाटे आणि कोंबडीचा रस्सा.

पहिल्या संध्याकाळी बटाट्यांचा इतका धूर झाला, की खालच्या मजल्यावरून मेहुणा पाण्याची बादली घेऊन धावत आला. दुसऱ्या संध्याकाळचे बटाटे वरून काळे आणि आतून कच्चे निघाले. मिस्त्रीने मग कामाच्या पेटीतला तापमापक आणला, ओव्हनच्या प्रत्येक कोपऱ्यात धरून पाहिला आणि ओव्हनचा मागचा कोपरा पुढच्यापेक्षा जास्त तापतो, हे शोधून काढलं. ट्रे मधेच फिरवायचा. बटाटे सुधारले. रस्सा तर अपघातानेच साधला. कांदा मंद आचेवर टाकला आणि एका गिऱ्हाइकाचा फोन आला. गिऱ्हाईक स्वतःच्या फ्रिजचं दुःख सविस्तर सांगणाऱ्यांपैकी होतं. फोन ठेवून मिस्त्री धावला, तर कांदा जळायच्या ऐवजी लालसर, गोड आणि मऊ होऊन बसला होता. त्या कांद्यात केलेला रस्सा चाखून मिस्त्री स्वयंपाकघरात एकटाच "अरे वा!" म्हणाला.

गुरुवारपर्यंत तिन्ही पदार्थ तयार झाले. तीन मोठे डबे. ते त्याने एकदमच फ्रीझरमध्ये कोंबले. गरम डबे असे कोंबू नयेत, हे तो गिऱ्हाइकांना इतक्या वर्षांत इतक्या वेळा ओरडून सांगत आला होता, की स्वतःला सांगायचं राहून गेलं.

शुक्रवारी सकाळी फ्रिज गप्प होता.

मिस्त्रीने कान लावला. मग मागून उघडून पाहिलं. कॉम्प्रेसर गेला होता. फ्रिज त्याच्या लग्नातला; "एकदा तो आतून बघायला हवा," असं बायको दर खेपेला म्हणायची आणि "बघतो ना," असं तो दर खेपेला म्हणायचा. त्या नमुन्याचा कॉम्प्रेसर दुकानात नव्हता. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका जुन्या सामानवाल्याकडे निघेल, पण तोही शनिवारी दुपारी. गावाचे फ्रिज चालू ठेवणाऱ्या माणसाच्या घरात बर्फाचा एक खडा गोठेना.

डबे अजून गोठलेले होते. मिस्त्रीने ते छातीशी धरले आणि जिना उतरला.

बिल्डिंगला लिफ्ट नव्हती आणि त्यात असा एकही फ्रिज नव्हता, ज्याला मिस्त्रीचा हात लागलेला नाही. त्यामुळे नाही म्हणायची कोणाची प्राज्ञा नव्हती. तिसऱ्या मजल्यावर बायकोचा धाकटा भाऊ एकटा राहायचा. तो पोहायला शिकवायचा आणि त्याच्या फ्रीझरमध्ये खांदे शेकायच्या बर्फाच्या पिशव्यांखेरीज काही नसायचं. त्याने सूप ठेवून घेतलं. "दाजी, ताईचं सूप म्हणजे माझ्या जिवापेक्षा जास्त!" तो म्हणाला. दुसऱ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर. त्यांनी बटाट्याचा डबा घेतला, झाकण किंचित उचलून वास घेतला आणि डोळे मिटले. त्यांच्या बायकोने त्यांना तीन आठवडे उकडलेल्या भाज्यांवर ठेवलं होतं. पहिल्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहत होत्या. त्यांना सगळे 'बाई' म्हणत. त्यांनी रस्सा घेतला आणि विचारलं, "कधी नेणार?"

"रविवारी सकाळी, बाई. संध्याकाळी ही येतेय."

"ठीक आहे. वेळेवर या," बाई म्हणाल्या.

शनिवारी दुपारी मिस्त्री नवा, म्हणजे जुनाच पण चालणारा, कॉम्प्रेसर खांद्यावर टाकून चार मजले चढला. घामाने डोळे मिटत होते. दारात त्याला बुटांचा जोड दिसला. जाड तळव्याचे, तेलाच्या डागांचे ते बूट तो हजारांत ओळखू शकला असता.

तो कॉम्प्रेसरसकट आत घुसला. बायको कोचावर उताणी पडली होती. बॅग मधोमध, कमरेचा पट्टा सैल सोडलेला, एक हात पोटावर.

"जहाज आधी लागलं," ती डोळे न उघडता म्हणाली. "म्हटलं, तुला चकित करावं."

मिस्त्रीने कॉम्प्रेसर टेबलावर ठेवला आणि तिच्याजवळ जमिनीवर बसला. तिचा हात हातात घेतला. मग एकदम आठवून उठला. "थांब. तू काही खाल्लं नसशील. मी आत्ता आलो. दहा मिनिटांत गरम..."

"नको!" ती किंचाळली. "खाण्याचं नावसुद्धा काढू नकोस. मला श्वास घेता येत नाहीये."

"म्हणजे?"

"अरे, काय बिल्डिंग आहे आपली! मी बॅग ओढत वर येतेय, तर पहिल्या मजल्यावर बाईंचं दार उघडं. मला बघून बाई अशा दचकल्या, की विचारू नकोस! त्यांची बहीण आलीये राहायला. दोघी जेवत होत्या. बाई म्हणाल्या, 'आधी आत ये, आधी बस, आधी जेव.' मी नको म्हणतेय, तर हाताला धरून बसवलं. कोंबडीचा रस्सा केला होता त्यांनी." तिने आता डोळे उघडले. "काय सांगू तुला! कोंबडीला कोंबडीची चव. आणि तो कांदा... त्यांची बहीण सारखी म्हणत होती, 'अक्का, तुला हे कधीपासून यायला लागलं?' मी दोनदा वाढून घेतलं."

मिस्त्री हळूहळू परत जमिनीवर बसला.

"मग दुसऱ्या मजल्यावर डॉक्टर. तेही जिन्यात उभेच. मला बघून पांढरेफटक पडले. 'या या, तुम्ही आलंच पाहिजे!' त्यांनी बटाटे केले होते, बायकोसाठी, स्वतःच्या हातांनी. वरून खरपूस आणि आतून लोण्यासारखे. डॉक्टरीणबाई इतक्या खुशीत होत्या, की त्यांनी मला अर्ध्याहून जास्त वाढले. नाही कसं म्हणणार?"

"नाही कसं म्हणणार," मिस्त्री म्हणाला.

"आणि सगळ्यांत वर म्हणजे आपला धाकटा! त्याच्याकडे एक मुलगी जेवायला आली होती. वाचनालयात काम करते म्हणे. गोड आहे. टेबलावर फुलं वगैरे. आणि ह्याने सूप केलेलं! चहात साखर किती घालायची हे मला फोन करून विचारणारा मुलगा! मला बघितल्या बघितल्या उठला, माझ्यासमोर वाटी ठेवली आणि तिच्या मागून मला हात जोडले. म्हणजे, बोलू नकोस काही, असं. मी कशाला बोलते? अप्रतिम झालं होतं." मग तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. "तू काय बनवणार होतास?"

मिस्त्रीने टेबलावरच्या कॉम्प्रेसरकडे पाहिलं.

"अंडी," तो म्हणाला.

"राहू दे, उद्या खाऊ," बायको मायेने म्हणाली आणि झोपली.

मिस्त्री तडक खाली गेला. तिसऱ्या मजल्यावर मेहुण्याने दार उघडताच त्याच्या पायांशी वाकायचं तेवढं बाकी ठेवलं. वाचनालयातली पाहुणी नुकतीच गेली होती.

"दाजी, मारा मला. पण आधी ऐका. तिला मी पहिल्याच भेटीत सांगून बसलो होतो, की मला स्वयंपाकाची आवड आहे. कशाला सांगितलं, देव जाणे. सकाळी भात लावला, तो भांड्याला चिकटला. तुमचा डबा समोर. म्हटलं, दोन वाट्या काढू, रविवारच्या आत तसंच सूप करून भरून टाकू. तेवढ्यात ताई दारात."

"तसंच सूप? तू?"

"तेच ना. आता ती मुलगी पुढच्या आठवड्यात परत येतेय. तिला ते कसं करायचं ते शिकायचंय." त्याचा चेहरा इतका केविलवाणा झाला, की मिस्त्रीला राग धरून ठेवणं जड गेलं. "दाजी, ताईला सांगू नका. तिने त्या मुलीला सांगितलं, तर संपलंच माझं."

दुसऱ्या मजल्यावर डॉक्टर दार उघडून बाहेर आले आणि त्यांनी दार मागे ओढून घेतलं. ते कुजबुजत बोलत होते.

"परवा आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. मी विसरलो. घरात दोन दिवस दाताला ड्रिल लागल्यासारखी शांतता. आज सकाळी हिने फ्रीझर उघडला, डबा काढला आणि म्हणाली, 'हे तू केलंस? माझ्यासाठी?' मिस्त्री, तुम्ही माझ्या जागी असतात तर काय म्हटलं असतंत?"

मिस्त्रीने खरंच विचार केला. "हो म्हटलं असतं."

"मी हो म्हटलं. रडली हो ती. आणि मग तुमच्या मिसेस जिन्यात दिसल्या. त्यांच्यासाठीचं होतं, ते त्यांनाच वाढलं. डबा जिथे पोचायचा तिथेच पोचला. वाट जरा वाकडी झाली, इतकंच." एवढं बोलून डॉक्टरांना आपली बाजू बरीच बळकट वाटू लागली. "दाढ दुखली की या. कधीही. वाट बघायला लावणार नाही."

बाई स्वतःच जिन्यात भेटल्या. त्या मिस्त्रीची वाट बघत कठड्याला धरून उभ्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांना समोर उभं करून जाब विचारलेल्या बाईंना स्वतः जाब देताना कुठे बघावं ते कळत नव्हतं.

"माझ्या फ्रीझरमध्ये बर्फाचा डोंगर झालाय, हे तुम्हीच मागे म्हणाला होतात. डबा आत जाईना. खाली ठेवला. सकाळी बघते तर वितळलेला. वितळलेलं पुन्हा गोठवू नये, हेही तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो होतो," मिस्त्री म्हणाला.

"वाया गेला असता. म्हणून गरम केला. तुम्हाला सांगायला वर आले, तर तुमच्या दाराला कुलूप. आणि माझी बहीण..." बाईंचा आवाज खाली आला. "ती चाळीस वर्षं सगळ्या नातेवाइकांत सांगत आलीये, की अक्काला नुसती छडी चालवता येते, झारा नाही. तिने पहिला घास घेतला आणि गप्प बसली. मिस्त्री, तिला गप्प बसलेली मी पहिल्यांदा पाहिली. मी काही खोटं बोलले नाही. मी फक्त खरं बोलले नाही."

मिस्त्री वर जायला वळला तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. "रागावलात?"

तो मागे वळला. "तिने दोनदा वाढून घेतलं?"

"तीनदा," बाई म्हणाल्या.

मिस्त्री तीन मजले चढला, तेव्हा तो रागावलेला होता की नाही, हे त्याचं त्यालाही धड कळलं नव्हतं. घरी जाऊन सगळं सांगून टाकावं, असं त्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे ठरवलं. पण बायकोचा स्वभाव त्याला माहीत होता. तिला कळलं, की ती पोट धरून हसणार, मग हसत हसत खाली जाणार आणि भावाला त्याच्या पाहुणीसमोर, डॉक्टरांना डॉक्टरीणबाईंसमोर आणि बाईंना बहिणीसमोर टपली मारून येणार. तीन घरं एका दमात उजेडात. तो दारात पोचला तेव्हा बायको जागी होऊन चहा ढवळत होती.

"मी विचार करत होते," ती म्हणाली, "बाईंना विचारू या का, तुला शिकवतील का म्हणून?"

"काय शिकवतील?"

"तो रस्सा! म्हणजे तू चांगला आहेस रे, पण अंडी म्हणजे किती दिवस अंडी?"

मिस्त्री नको म्हणायच्या आत ती जिना उतरली होती. एकदा मशीन उघडलं, की सगळं नीट बसेपर्यंत तिला चैन पडत नसे. परत आली ती ठरवूनच. रविवारी सकाळी, बाईंच्या स्वयंपाकघरात. बाई आधी काहीबाही सबबी सांगत होत्या, पण बहीणच म्हणाली होती, "हो गं अक्का, शिकव की. मलाही बघायचंय तू कसं करतेस ते."

रविवारी सकाळी बाई स्वयंपाकघरात इस्त्रीचे कपडे घालून उभ्या होत्या. टेबलाशी बहीण आणि मिस्त्रीची बायको. मिस्त्रीच्या अंगाला एप्रन बांधलेला. शेगडीवर पातेलं, आणि फळीवर कांदे, टोमॅटो, आलं, लसूण, कोंबडी. बाईंनी त्या सगळ्याकडे एकवार नजर फिरवली. नकाशात न सापडणारं शहर शोधावं, तशी ती नजर होती. मग त्यांनी हात मागे बांधले, खाकरल्या आणि वर्गात शिरल्यासारख्या दोन पावलं चालल्या.

"मिस्त्री," त्या करड्या आवाजात म्हणाल्या, "सांगा बघू. सगळ्यांत आधी पातेल्यात काय जाईल?"

मिस्त्रीने त्यांच्याकडे पाहिलं. बाईंच्या डोळ्यांत अशी काकुळती होती, की ती त्यांच्या कुठल्याही विद्यार्थ्याने कधी पाहिली नसेल.

"तेल?" तो म्हणाला.

"बरोबर. आणि त्यानंतर?"

"कांदा. बारीक चिरून. मंद आचेवर."

"मंदच का?"

"म्हणजे तो जळत नाही. लालसर होतो. गोड होतो."

"शाबास!" बाई मनापासून म्हणाल्या. "बघा, घाई नसली की माणूस कसा विचार करतो."

मिस्त्रीची बायको थक्क होऊन बघत होती. "याला हे कसं सुचलं?"

"प्रश्न नीट विचारला, की उत्तर आतूनच येतं," बाई म्हणाल्या. त्यांना आता सूर सापडला होता. "पुढे? आलं-लसूण की टोमॅटो?"

"आलं-लसूण."

"छान. चालू करा."

बहीण मात्र खुर्चीत अस्वस्थ होती. "अक्का, तू नुसती विचारतेच आहेस. सांगत काहीच नाहीस."

"सांगून कोणी शिकत नाही," बाई म्हणाल्या. "पंचवीस वर्षं हेच केलं मी."

"मग मीठ किती, ते तरी सांग."

"चवीपुरतं," बाई ताबडतोब म्हणाल्या. बहिणीने खुर्ची जरा पुढे ओढली.

एकदा मात्र गाडी रुळावरून घसरता घसरता राहिली. कोंबडी परतून झाली आणि सगळं सुरळीत चाललंय हे बघून बाईंना उगाचच धीर आला. "आता," त्या म्हणाल्या, "यात दूध घाला."

मिस्त्रीचा हात हवेत थांबला. बहिणीने मान वर केली. "दूध? काल तर दुधाची चव नव्हती!"

मिस्त्री पातेल्यात बघत म्हणाला, "बाई, दूध नको. फाटेल ना, टोमॅटो आहेत. गरम पाणीच घालायचं, नाही का?"

बाईंच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"शंभरपैकी शंभर," त्या म्हणाल्या. "बघत होते, नुसतं ऐकता की डोकंही चालवता. माझ्या हाताखालची निम्मी मुलं इथे दूध घालून नापास झाली असती."

झाकण ठेवलं. वाफ बाहेर येऊ लागली तसा वास जिन्यात गेला असावा, कारण थोड्या वेळाने दारात दातांचे डॉक्टर उभे राहिले, "जरा दाराची बिजागरी बघायला आलो होतो," असं काहीतरी पुटपुटत. त्यांच्या मागून मेहुणा आला. तो हातात रिकामी वही घेऊन आला होता आणि मिस्त्रीशेजारी उभं राहून "कांदा किती वेळ?" असं ओठ न हलवता विचारत होता. बाईंनी दोघांना भिंतीशी उभं केलं आणि शांत राहायला सांगितलं. ते राहिले.

रस्सा वाढला गेला. मिस्त्रीच्या बायकोने वाटी पुढे ओढली, फुंकर मारली आणि पहिला घास घेतला. दुसरा घेतला. सगळे तिच्याकडे बघत होते. त्यांतले तिघे तर असे, जणू निकाल त्यांचाच लागणार होता.

"बाई," ती शेवटी म्हणाली, "तुमच्या हाताची चव याच्या हातात एका दिवसात कशी उतरली?"

"शिकवण्याची पद्धत असते," बाई हळूच म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

"कालच्या इतका नाही हं झालेला," बहीण म्हणाली. "अक्काचा जरा जास्त मुरला होता."

"पहिल्यांदा करणाऱ्याच्या मानाने चांगला आहे," डॉक्टर मोठ्या मनाने म्हणाले आणि उकडलेल्या भाज्या विसरून त्यांनी वाटी पुढे केली.

मिस्त्री पातेल्याशी उभा होता. त्याला वाईट वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटतही होतं. पण बायको खुर्चीवर मांडी घालून, पाठ टेकून, सावकाश जेवत होती. बुटांत नव्हे, उभ्याने नव्हे. ती तिसऱ्यांदा वाढून घेत होती. तो बघत राहिला आणि त्याला स्वतः जेवायचं राहून गेलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने पडद्यावर नाव पाहिलं, बोटं पुसली आणि खोलीतल्या सगळ्यांसमोरच फोन घेतला. पलीकडून कंपनीचा माणूस बोलत होता, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

"हो, पोचले. हो, ठीक आहे सगळं... पुढच्या जहाजाचं ना? नाही, मी तेच सांगणार होते. मला सुट्टी वाढवून हवी आहे." मिस्त्रीच्या हातातला डाव पातेल्यावर वाजला. "कारण? घरचं कारण आहे. माझा नवरा स्वयंपाक शिकतोय. आज रस्सा झाला. अजून डॉक्टरांचे बटाटे राहिलेत, मग माझ्या भावाचं सूप. सगळं नीट बसेपर्यंत मला इथे थांबावं लागेल." ती जरा वेळ ऐकत राहिली. "किती दिवस ते आत्ता नाही सांगता येणार. शिक्षक चांगले आहेत, पण अभ्यासक्रम मोठा आहे."

तिने फोन ठेवला. भिंतीशी उभे असलेले डॉक्टर आणि मेहुणा एकमेकांकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. बाई अजून खिडकीबाहेरच बघत होत्या. मिस्त्रीच्या बायकोने त्या तिघांवरून एक एक करत नजर फिरवली. बंद पडलेलं मशीन उघडण्याआधी ती नुसतं बघून आत काय बिघडलंय ते ओळखायची, तशी. मग तिने शांतपणे वाटी नवऱ्यापुढे धरली.

"सावकाश शिक," ती म्हणाली. "मला घाई नाही."